उत्तर कोपऱ्याचा खांब

अमेरिकेत आले तेव्हा माझ्याकडे पुण्याची आर्किटेक्चरची डिग्री होती, चार वर्षांचा अनुभव होता, आणि मी नोकरी करायची नाही असं बजावणारा व्हिसा होता. नवरा नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला. मी त्याच्यावर अवलंबून, असं कागदावरच लिहिलेलं. मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरी गावात आम्ही भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहायचो. पहिलं वर्ष नव्याच्या नवलाईत गेलं. दुसऱ्या वर्षी मी सकाळी उठेनाशी झाले. नवरा ऑफिसला गेला की पुन्हा पांघरुणात शिरायचे ती दुपार उलटल्यावरच बाहेर पडायचे. जेवणाच्या सुट्टीत तो फोन करायचा, "जेवली का?" मी हो म्हणायचे. एकदा त्यानं विचारलं, "काय जेवली?" आणि मला एकाही पदार्थाचं नाव सुचेना.

त्या वर्षी गणपतीला त्यानं मला जवळजवळ ओढतच नेलं. मंडळाचा गणपती एका शाळेच्या कॅफेटेरियात बसायचा. आरती झाल्यावर प्रसादाच्या रांगेत माझ्या मागे एक उंच, किडकिडीत काका उभे होते. त्यांनी विचारलं, "तुम्ही काय करता?"

"काही नाही," मी म्हणाले.

नवरा मध्येच म्हणाला, "आर्किटेक्ट आहे ती, काका."

"मग काही नाही कसं?" काका माझ्याकडे वळले. "लाकडाचं घर मोजता येतं?"

"मी सगळं काम आरसीसीतच केलंय."

"ते नाही विचारलं. मोजता येतं का?"

"येतं."

"मग शनिवारी या. पैसे देणार नाही, तुम्हाला ते घेता येत नाहीत. जेवायला घालीन."

घरी परतताना नवऱ्यानं मंडळात ऐकलेली माहिती पुरवली. काका निवृत्त सर्जन. या भागात आलेल्या पहिल्या मराठी माणसांपैकी एक. काकूंना जाऊन तीन वर्षं झालेली. एकुलती मुलगी ॲरिझोनात, चँडलरला. माणूस खडूस, आणि एका जुनाट शेतघराच्या नादानं वेडा झालेला. "तरी जा यार," नवरा म्हणाला. "निदान घराबाहेर तरी पडशील."

घर गावाबाहेर, एका दगडी कुंपणाच्या आत होतं. बाहेरून पाहिलं तर निराशाच झाली. करड्या फळ्यांचं साधं खोकं, मधोमध एक अवाढव्य विटांची चिमणी, मागच्या बाजूला छप्पर उतरत उतरत जवळजवळ जमिनीला टेकलेलं. आत शिरले आणि मान वाकवावी लागली. छत इतकं खाली होतं की काकांनी हात वर केला तर तळवा टेकायचा. छताच्या मधून, चिमणीपासून थेट बाहेरच्या भिंतीपर्यंत, एक तुळई गेली होती. अख्ख्या ओकच्या झाडाची. कुऱ्हाडीनं तासल्याच्या खुणा तिच्यावर अजून दिसत होत्या, पण खालच्या दोन्ही कडा कुणीतरी फार निगुतीनं उतरत्या केल्या होत्या आणि टोकाशी एक छोटी पाकळी कोरून ती रेघ थांबवली होती.

"इंग्लंडहून आलेल्या सुतारांच्या नातवांनी बांधलेलं," काका म्हणाले. "आजा जसा तिकडे शेतकऱ्याचं घर बांधायचा, तसंच यांनी इथे बांधलं. दुसरं काही येतच नव्हतं त्यांना."

मग त्यांनी मला कोपऱ्यातल्या खांबाशी नेलं. खांब खाली अरुंद आणि वर रुंद होता. मी म्हटलं, हे उलटं आहे. ते पहिल्यांदा हसले. झाडच उलटं उभं केलंय, ते म्हणाले. बुंध्याचा जाड भाग वर, कारण वर तीन बाजूंनी तीन लाकडं येऊन त्यात बसतात आणि तिथे मांस लागतं. मी स्टुलावर चढून बघितलं. प्रत्येक लाकडाच्या टोकाला जीभ काढलेली, खांबात तिच्या मापाची खाच, जीभ खाचेत बसवून आरपार ओकचीच खुंटी ठोकलेली. सांगाड्यात कुठेही खिळा नाही. सांध्याच्या दोन्ही बाजूंना पटाशीनं ओढलेल्या रेघा होत्या, एका लाकडावर तीन, त्याला भिडणाऱ्या लाकडावरही तीन. जमिनीवर सगळं कापून, जुळवून, खुणा करून मग उभं केलेलं.

"लोक म्हणतात, डॉक्टर, माणसाचा सांगाडा आणि घराचा सांगाडा सारखाच की," काका म्हणाले. "मूर्खपणा आहे. हाड स्वतःहून जुळून येतं. लाकूड येत नाही."

त्या दिवशी जेवायला पिठलं आणि गार भात होता. मी तीन वेळा वाढून घेतलं.

पुढचं वर्षभर मी आठवड्यातून तीन-चार दिवस जायचे. टेप, ओळंबा, पेन्सिल. प्रत्येक खांब, प्रत्येक वासा मोजायचा, घरी येऊन जेवणाच्या टेबलावर कागद पसरून काढायचा. माझी झोप सुधारली. नवऱ्यानं "काय जेवली" विचारलं की मी सांगायचे. काका आता मला 'तू' म्हणायला लागले होते, आणि खुशीत असले की आर्किटेक्टबाई.

टेपचं दुसरं टोक ते धरायचे. एकदा मी आकडा वाचत होते आणि टेप थरथरत होता. "काका, नीट धरा ना," मी मान वर न करता म्हणाले. टेप थरथरतच राहिला. वर बघितलं तर ते स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होते.

"पार्किन्सन्स," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. मुलीला माहीत नाही. तूही सांगायचं नाहीस."

मी मान हलवली. तेव्हा ते वचन फार सोपं वाटलं होतं.

मग कळलं त्यांना ड्रॉइंग्ज कशाला हवी होती. हात पूर्ण जायच्या आत घराची डागडुजी स्वतःच्या हातानं करायची होती. आयुष्यभर ज्या हातांनी लोकांची पोटं उघडून पुन्हा शिवली, त्या हातांना निदान एक सांधा तरी कापता यावा, असं त्यांच्या मनात होतं. हे त्यांनी कधी असं बोलून दाखवलं नाही. पण तळघरात पटाश्यांचा एक संच होता, धार लावून, तेल पुसून, फडक्यात गुंडाळलेला, आणि तो ते रोज उघडून बघायचे.

दुसऱ्या वर्षीच्या सप्टेंबरात आम्ही उत्तरेकडची भिंत उघडली. स्वयंपाकघरालगतच्या कोपऱ्यात गिलावा फुगला होता, म्हणून. काकांनी हातोडीनं तो पाडला. आत गुलाबी इन्सुलेशन निघालं, आणि त्याला धरून प्लास्टिकचा जाड कागद, भिंतभर ताणून ठोकलेला. प्लास्टिकच्या मागून पाण्याचे थेंब ओघळत होते.

"हा कागद कुणी लावला?" मी विचारलं.

"मी," काका म्हणाले. "पहिल्या हिवाळ्यात. हिला थंडी सोसायची नाही. कोट घालून पोळ्या लाटायची. या भिंतीत आधी चिखल आणि पेंढा भरलेला होता, आपल्याकडे कुडाला लिंपतात तसा. तो सगळा उकरून टाकला आणि हे भरलं. दोन दिवस लागले मला." त्यांच्या आवाजात तेव्हाचा अभिमान अजून शिल्लक होता.

मी प्लास्टिक कापलं. आळंब्यांचा वास आला. खांबाचा रंग काळा पडला होता. मी स्क्रूड्रायव्हर लावला, फारसा जोर न लावता, आणि तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर त्यामागून ओला भुसा गळायला लागला आणि गळतच राहिला. खाली वाकून पायथ्याची तुळई चाचपली, जिच्यावर सगळे खांब उभे असतात ती. ती तर हातानं उचलून घेता येत होती.

काय झालंय ते मला कळलं होतं. चिखलाची भिंत ओली व्हायची आणि वाळायची. एवढी वर्षं तसंच चाललं होतं. प्लास्टिक लावल्यावर आत आलेली ओल आतच राहिली. स्वयंपाकघरातली प्रत्येक वाफ, प्रत्येक कुकरची शिट्टी, वीस-पंचवीस वर्षं त्या लाकडात मुरत गेली. काकांना सांगायची गरजच पडली नाही. काका जमिनीवर बसले. हातोडी मांडीवर होती. "हे मी केलं," ते म्हणाले, आणि थोड्या वेळानं, जणू मी ऐकलं नसेल म्हणून, पुन्हा तेच.

जुन्या घरांची आणि कोठारांची कामं करणारा एक सुतार त्या भागात होता. म्हातारा, अमेरिकन, अत्यंत कमी बोलणारा. तो आला. दोन तास टॉर्च घेऊन तळघरात आणि माळ्यावर फिरला. मग अंगणात येऊन त्यानं जे सांगितलं त्याचा अर्थ असा: उत्तरेचा कोपरा गेलाच आहे, शेजारचा खांबही अर्धा गेलाय. वरचं वजन आता फक्त सवयीनं उभं आहे. लाकूड चांगलं आहे म्हणून बाकीचा सांगाडा त्याला धरून ठेवतोय, पण बर्फाचं ओझं तो पेलणार नाही. काम होऊ शकतं. वसंतात, माणसं आणून, कोपरा उचलून. तोवर जॅक लावून टेकू द्यायचा आणि घर रिकामं करायचं.

"रिकामं नाही करणार," काका म्हणाले.

"मग मी काम घेणार नाही," सुतार म्हणाला. जाताना त्यानं मला बाजूला घेतलं. "तुम्ही शिकलेल्या आहात. त्यांना समजवा."

टेकू मात्र तो लावून गेला. तळघरात चार जॅक, त्यावर जाड ठोकळे. मी वरच्या खोलीत उत्तर कोपऱ्याशी छतापासून एक ओळंबा सोडला आणि त्याच्या टोकाखाली जमिनीवर पेन्सिलीनं फुली मारली. घर हललं तर कळेल, म्हणून.

ऑक्टोबरभर आम्ही दोघांनी जे केलं त्याला आज मी वेडेपणाच म्हणेन. काकांनी ओकचा एक नवा ठोकळा आणवला. खांबाचा कुजलेला पाय कापायचा आणि त्या जागी नवा पाय जोडायचा, जीभ आणि खाच करून, पूर्वीच्या सुतारांनी केलं असतं तसंच, असं त्यांनी ठरवलं. मी ड्रॉइंग काढून दिलं. जीभ चार इंच लांब. त्यांनी ठोकळ्यावर रेघा मारल्या. रेघा वाकड्या आल्या. पुसल्या, पुन्हा मारल्या. पटाशी टेकवली, लाकडी हातोड्याचा घाव घातला, पटाशी सरकली आणि जिथे लाकूड राहायला हवं होतं तिथलाच तुकडा उडाला. दुसरा ठोकळा आणवला. तोही गेला. तिसऱ्यावर त्यांनी सकाळी गोळी घेऊन, हात शांत असेल तेवढा अर्धा-पाऊण तास साधून काम केलं. चार दिवस रोज तेवढंच. पाचव्या दिवशी जिभेला बुडातून उभी चीर गेली.

"मी करू का, काका?" मी म्हणाले. "तुम्ही सांगा, मी कापते."

"तुला काय येतं?" ते माझ्यावर ओरडले. "सिमेंट ओतणारी माणसं तुम्ही! आयुष्यात एक लाकूड तरी कापलंयस? मोजायला बोलावलं होतं, मोज आणि जा!"

मी टेप गुंडाळला. जाण्याआधी वर जाऊन ओळंबा बघितला. टोक फुलीवर नव्हतं. तीन आठवड्यांत ते जवळजवळ बोटभर बाहेर गेलं होतं, उत्तरेकडे. खाली आले तर काका तळघराच्या पायरीवर बसून तो चिरलेला ठोकळा दोन्ही हातांत धरून होते. मी त्यांना आकडा सांगितला. ते जिभेवरची चीर अंगठ्यानं चाचपत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. दुपारी फोन वाजला. काकांची मुलगी, चँडलरहून. तिच्याशी मी आधी एकदाच बोलले होते. तिला मराठी नीट कळायचं, पण बोलायची इंग्रजीत. काकांच्या शेजारणीनं तिला फोन करून सांगितलं होतं की तुझे वडील अंगणात दोनदा पडलेले मी पाहिले.

"ते म्हणतात एक खांब बदलतोय, बाकी सगळं ठीक आहे," ती म्हणाली. "ते मला खरं सांगणार नाहीत. तुम्ही आर्किटेक्ट आहात. जस्ट टेल मी. इज इट सेफ?"

मी खुर्चीवर बसले. समोरच्या टेबलावर त्याच घराचे कागद पसरलेले होते.

"नाही," मी म्हणाले.

मग सगळं सांगितलं. खांब, पायथा, सुतारानं बजावलेलं, ओळंब्याचं टोक. ती म्हणाली, आणि ते स्वतः? मी तेही सांगितलं. पार्किन्सन्स हा शब्द ऐकल्यावर ती पलीकडे रडायला लागली, आवाज न करता, फक्त श्वास ऐकू येत होता.

मी बरोबर केलं असंच मला सगळ्यांनी सांगितलं. नवऱ्यानं त्याच संध्याकाळी सांगितलं, "तू नसतं सांगितलं अन् छत पडलं असतं तर?" खरंच होतं ते. पण मी 'नाही' म्हणाले तेव्हा आदल्या दिवशीचं ओरडणं माझ्या कानात होतं की नव्हतं? सिमेंट ओतणारी म्हणाले होते काका मला. आजही मी खात्रीनं सांगू शकत नाही की त्या एका शब्दात निव्वळ काळजीच होती.

तीन दिवसांनी मुलगी आली. मला काकांचा फोन आला. आवाज अगदी शांत.

"तू सांगितलंस."

"काका, घर हलतंय. बोटभर..."

"मला माहीत आहे किती हलतंय. मी रोज बघत होतो. तुला कळायच्या आधीपासून बघत होतो." थोडं थांबून ते म्हणाले, "माझी वेळ मी ठरवली होती. तुला विचारलं नव्हतं."

त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरायला काही क्षण गेले. शिरला तेव्हा फोन बंद झाला होता. मी परत लावला. मुलीनं उचलला. म्हणाली, त्यांना बोलायचं नाही.

मुलगी त्यांना घेऊन निघाली त्या दिवशी मी कुंपणाशी जाऊन उभी राहिले. काका मुलीच्या आधारानं गाडीत बसले. मी नमस्कार केला. ते समोरच्या काचेतून सरळ बघत राहिले. गाडी माझ्या शेजारून गेली.

हिवाळाभर मी त्या घरामागे धावले. मुलीनं घर विकायला काढलं होतं. जागा मोठी होती, ती नवी घरं बांधणाऱ्या एकाला हवी होती. त्याला जुन्या घराशी देणंघेणं नव्हतं. मी सुताराकडे गेले. तो म्हणाला, सांगाडा सोडवून नेता येईल, नंबर घालून, पण घेणारा हवा आणि ठेवायला जागा हवी. मी जुन्या वास्तूंबद्दल आस्था असलेल्या लोकांना पत्रं लिहिली, ड्रॉइंग्जच्या प्रती जोडल्या. दोघांनी सौजन्यानं उत्तर दिलं की ड्रॉइंग्ज उत्तम आहेत. एक बाई येऊन बघूनही गेल्या. त्या तुळईवरून हात फिरवून म्हणाल्या, किती सुंदर, आणि उत्तरेचा कोपरा पाहिल्यावर गाडीकडे वळल्या. मी माझं मोडकं इंग्रजी घेऊन बिल्डरच्या ऑफिसात तीन वेळा गेले. तिसऱ्या वेळी तिथल्या मुलीनं मला पाणी दिलं आणि हळूच विचारलं, "हे घर तुमचं होतं का?" मला नाही म्हणताना लाज वाटली.

बर्फ त्या वर्षी भरपूर पडलं. घर पडलं नाही. जॅकवर, रिकामं, थंड, सगळा हिवाळा उभं राहिलं. हे मला पचवायला सर्वांत जड गेलं. प्रत्येक वादळानंतर मी गाडी काढून बघायला जायचे आणि ते उभं असायचं. मनात यायचं, मी खोटी ठरले. ते इथे राहिले असते तरी चाललं असतं. मग यायचं, ते इथे राहिले असते तर त्यांनी जॅक काढले असते.

एप्रिलमध्ये घर पाडायचं मशीन आलं. मला सुतारानं कळवलं, म्हणून गेले. सकाळी कामाला सुरुवात झाली आणि जेवणाच्या वेळेपर्यंत उरकलं. माळ्याकडून सुरुवात केली. वासे काडीसारखे तुटतील असं मला वाटलं होतं. तुटले नाहीत. मशीननं ओढलं की सांधा सुटायच्या आधी लाकूडच वाकायचं, खुंट्यांसकट ताणलं जायचं, आणि मग असा आवाज यायचा की चालवणारा माणूसही थांबून बघायचा. दक्षिणेचा कोपरा तर त्याला तीनदा धरावा लागला. उत्तरेचा मात्र नुसता धक्का लागताच बसला. धूळसुद्धा उडाली नाही, इतकं ते लाकूड ओलं होतं. ट्रक भरताना सुतारानं बिल्डरच्या माणसाशी बोलून मोठी तुळई मागितली. तो म्हणाला, कापून झाली आहे.

मी घरी येऊन झोपले. पुन्हा पहिल्यासारखी, दुपार उलटेपर्यंत. या वेळी ते जास्त दिवस चाललं. नवऱ्यानं टेबलावरचे कागद उचलून कुठेतरी ठेवून दिले. तो स्वतः डबा करायला शिकला. मला उठवून बसवायचा, केस विंचरायचा. डॉक्टरकडेही त्यानंच नेलं. हे सगळं मी आज चार ओळींत सांगते आहे, पण ते दीड वर्ष होतं.

दोन हजार आठच्या सुरुवातीला नवऱ्याला चँडलरला, चिप बनवणाऱ्या कंपनीत काम मिळालं. गावाचं नाव सांगून तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "नाही म्हणू का?" मी म्हटलं, नको.

तिथे गेल्यावर दोन महिने मी फोन केला नाही. मग केला. मुलगी म्हणाली, या. दारातच तिनं माझा हात धरला आणि खालच्या आवाजात, पहिल्यांदाच मराठीत, म्हणाली, "त्यांना घराचं सांगू नका. मी सांगितलंय की एक फॅमिली राहते तिथे. प्लीज."

काका खिडकीशी व्हीलचेअरमध्ये होते. बाहेर खडी पसरलेलं अंगण, भगभगीत ऊन. चेहरा ताठ, भाव नसलेला. तो आजाराचा भाग असतो हे मला माहीत होतं, तरी वाटलं, त्यांनी मला ओळखून तोंड फिरवलंय. मी समोर बसले. बऱ्याच वेळानं ओठ हलले. आवाज इतका बारीक की मला पुढे वाकावं लागलं.

"कोपरा?"

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"बदलला, काका," मी म्हणाले.

"कुणी?"

"सुतारानं. वसंतात, कोपरा उचलून. म्हणाला होता तसा."

"जीभ कुणी कापली?"

हे मी ठरवून आले नव्हते. तोंडातून गेलं. "मी."

ते माझ्याकडे बघत राहिले. उजवा हात मांडीवर एकसारखा हलत होता. "किती?"

"चार इंच. तुम्ही मारलेल्या रेघांवर."

"चीर?"

"नाही गेली. हळू कापली."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "शिकलीस म्हणजे." आणि थोड्या वेळानं, "बरं झालं, सांगितलंस तिला."

तेव्हापासून मी दर गुरुवारी जायचे. त्यांना एकच विषय हवा असायचा. पायथ्याची तुळई कशी घातली? दोन तुकड्यांत, जोड देऊन. भिंतीत काय भरलं? चिखल आणि पेंढा, पूर्वी होता तसा. प्लास्टिक? काढलं सगळं, काका. मी नवऱ्याकडून ते कागद मागून घेतले, बुधवारी ते काढून अभ्यास करायचे, म्हणजे सांगताना माप चुकायला नको. चुकलं तर त्यांना कळायचं. शरीर गेलं होतं, डोकं नव्हतं. एका उन्हाळ्यात मी ते घर पायथ्यापासून माळ्यापर्यंत दुरुस्त केलं आणि ते एकेक सांधा तपासत गेले.

परतताना गाडी रस्त्याकडेला घेऊन मला थांबावं लागायचं. त्यांनी मला माफ केलं होतं, पण मी न केलेल्या कामासाठी. खरं सांगितलं तेव्हा त्या माणसानं मला तोडलं आणि खोटं बोलल्यावर जवळ केलं. हे कुणाला सांगणार? मुलगी तर माझे आभार मानायची. दर गुरुवारी डबा भरून द्यायची.

ऑक्टोबरात ते गेले. न्यूमोनिया झाला होता, चार दिवस हॉस्पिटलमध्ये होते. शेवटच्या गुरुवारी त्यांना बोलता येत नव्हतं. मी खुर्ची ओढून बसले आणि माळ्यावरचे वासे सांगत राहिले, दक्षिणेकडून सुरुवात करून. सहाव्या वाशाला नर्स आली, म्हणाली वेळ संपली. मी उठले. त्यांचे डोळे उघडे होते आणि ते पुढच्याची वाट बघत होते.